लेकराबरोबर उभा करायला जुना छोटा ट्रॅक्टर कसा निवडावा

बहुतेकांची चूक पाना हातात घ्यायच्या आधीच झालेली असते. कुणाच्या तरी परड्यात, वैरणीच्या गंजीआड जुना ट्रॅक्टर दिसतो. मालक म्हणतो, "भंगाराच्या भावात न्या." आठवड्यात तो दारात येतो. मग कळतं की इंजिन जाम आहे, डिझेल पंप कुणीतरी काढून नेलाय, बॉनेट नाही आणि कागद मयत आजोबांच्या नावावर आहेत. दोन पावसाळे ताडपत्रीखाली जातात. सहा वर्षांचं लेकरू आठ वर्षांचं होतं आणि त्याचा नाद भलतीकडेच लागलेला असतो.

म्हणून इथे दुरुस्तीपेक्षा निवडीवर भर आहे. क्रम असा ठेवा: आधी मूल, मग जागा, मग मॉडेल, मग कागद, मग तपासणी आणि सगळ्यात शेवटी भाव. लोक नेमके भावापासून सुरू करतात आणि मुलापर्यंत पोचतच नाहीत.

## १. आधी मूल आणि जागा मोजा

पाच ते सात वर्षांचं मूल एका बैठकीला पाऊण तास टिकतं. त्याला नट धुणं, वेगळे करणं, पिशव्यांवर आकडे घालणं, ब्रशनं प्रायमर लावणं ही कामं जमतात. आठ ते दहा वर्षांच्या मुलाला १०, १३ आणि १७ चे पाने नीट धरता येतात, एअर क्लीनर उघडता येतो, खरवडून पॅकिंग काढता येतं. त्यापुढच्या वयात व्हर्निअरनं माप घेणं, वायरिंग करणं, वहीत हिशेब ठेवणं सुरू होतं. आता यादी करा: या मशीनवर माझ्या मुलाला करता येण्याजोगी निदान वीस कामं आहेत का? नसतील तर ते मशीन तुमच्या हौसेचं आहे. मूल नुसतं टॉर्च धरून उभं राहणार.

जागेचं गणित रोकडं आहे. २५ एचपीच्या ट्रॅक्टरला निदान १२ बाय १८ फूट शेड लागतं, म्हणजे भोवती फिरता येतं आणि बाजूला एक टेबल मांडता येतं. पॉवर टिलरला याच्या निम्म्यात भागतं. खाली कोबा हवा. मुरमाच्या किंवा शेणानं सारवलेल्या जमिनीवर जॅक तिरका होतो. कोबा नसेल तर जॅकखाली दोन इंच जाडीची रुंद फळी कायमची ठेवा. इकडे कोल्हापुरात जून ते सप्टेंबर उघड्यावर काम होत नाही, त्यामुळे वरचं छप्पर ही चैन समजू नका.

सावधान: चेन कप्पी शेडच्या पत्र्याच्या पाइपाला कधीही टांगू नका. तो पाइप पत्रा पेलण्यासाठी असतो, इंजिन पेलण्यासाठी नाही.

## २. मॉडेल ठरवा

इंटरनेटवर दिसणारे परदेशी गार्डन ट्रॅक्टर डोक्यातून काढून टाका. १९६१ चा कब कॅडेट किंवा १९६३ चा जॉन डिअर ११० ही सात एचपीची, पेट्रोलवर चालणारी, बंगल्यापुढचं गवत कापणारी यंत्रं. एखादं चुकून मिळालंच तर त्याच्या कार्बोरेटरच्या एका पॅकिंगसाठी महिनाभर कुरिअरची वाट बघावी लागेल. आपल्याकडे त्या मापाच्या कामाला चार पर्याय आहेत.

पॉवर टिलर. बंगळुरूच्या व्हीएसटीचा मित्सुबिशी शक्ती किंवा केरळच्या कामकोचा. साधारण १२-१३ एचपी, एक आडवं सिलिंडर, डिझेल, इंजिनापासून गिअरपेटीपर्यंत व्ही-बेल्ट. राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याच्या भातपट्ट्यात जुने टिलर सापडतात. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे जवळजवळ सगळं डोळ्यांना दिसतं. बेल्ट कुठून कुठे जातो, क्लच ओढला की काय सैल पडतं, हे सहा वर्षांच्या मुलाला बोट ठेवून दाखवता येतं. तोटा मागच्या रोटरीचा. तिची पाती अंगावर येणारी गोष्ट आहे. टिलर घेतला तर पहिल्याच दिवशी, मूल शाळेत असताना, रोटरी काढून वेगळी ठेवायची.

एक सिलिंडरचा आयशर. २४-२५ एचपी, हवेवर थंड होणारं इंजिन. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होज पाइप नाहीत. एक पिस्टन, दोन व्हॉल्व्ह, डिझेल फवारणारं एक नोझल. चार फटके कसे पडतात हे शिकवायला यापेक्षा सोपं इंजिन शोधून मिळणार नाही. शिवाय स्टेअरिंग आहे, सीट आहे, मुलाला तो "खरा" ट्रॅक्टर वाटतो. वजन मात्र दीड टनाच्या वर, त्यामुळे जागा आणि जॅक त्या तोडीचे हवेत.

दोन सिलिंडरचे. एचएमटी २५११ हा झेटरच्या डिझाइनवरचा, १९७० च्या दशकापासूनचा. स्वराज ७२४ त्याच काळातला. दोन्ही दणकट. पण पाण्याची सर्किट आणि दुप्पट भाग म्हणजे काम दुप्पट. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, म्हणून सामानाची खात्री आधी, ट्रॅक्टर नंतर.

मिनी ट्रॅक्टर. मित्सुबिशी शक्ती एमटी १८०डी (तीन सिलिंडर, १८.५ एचपी) किंवा महिंद्रा युवराज २१५ (एक सिलिंडर, १५ एचपी). आकारानं गार्डन ट्रॅक्टरच्या सगळ्यात जवळचे हेच. मात्र ते अजून बागेत, उसाच्या सरीत रोज राबतात, म्हणून भाव चढा. आणि जुनेपणाची गंमत म्हणाल तर युवराजमध्ये ती नाहीच.

निवाडा सांगायचा तर: जागा आणि कोबा असेल तर आयशर, नसेल तर टिलर. दोन सिलिंडर दुसऱ्या खेपेला.

तपासा: मॉडेल ठरल्यावर, मशीन बघायच्या आधी, ट्रॅक्टर पार्ट्सच्या दोन दुकानांत जाऊन सहा गोष्टी विचारा: पिस्टन-लायनर किट (लायनर म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी), पिस्टनवरच्या रिंगा, हेड पॅकिंग, नोझल, क्लच प्लेट, ऑईल सीलचा सेट. सहापैकी चार दुकानात हातोहात मिळत असतील तरच पुढे जा. "मागवून देतो" हे उत्तर "नाही" असं धरा.

## ३. कागद, मशीनच्या आधी

ट्रॅक्टर पाहून मन बसलं की कागदाकडे डोळेझाक होते, म्हणून हा टप्पा आधी. विक्रेत्याकडून आरसीचा फोटो मागवा आणि चार गोष्टी बघा.

एक, नाव. आरसीवरचा माणूस हयात आहे आणि तोच विकतोय का? मयत असेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ नं चढवून घ्या, मगच तुमचा व्यवहार. दोन, बोजा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आरसीवर असेल तर कर्ज कधीच फिटलंय असं तोंडी सांगून भागत नाही. फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. तीन, मुदत. नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याचा फॉर्म २५. जुन्या ट्रॅक्टरची मुदत बहुधा संपलेलीच असते. ते अडचणीचं नाही, पण तो खर्च भावातून वजा व्हायला हवा. चार, पासिंग. एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरचंच, असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर काम होतं. निपाणी-चिकोडीकडची केए-२३ पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय इसारही देऊ नका.

चेसिस नंबर खडूनं उठवून, पेन्सिल घासून कागदावर छाप घ्या आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. हे काम मुलाला द्या, मन लावून करतात. नंबरावर वेल्डिंगचा डाग किंवा ग्राइंडरची चमक दिसली तर तिथूनच परत फिरा.

## ४. बघायला जाताना पिशवीत काय

टॉर्च. लोहचुंबक. जुनं पांढरं फडकं. १० ते २४ पर्यंतचे पाने. लांब स्क्रू ड्रायव्हर. काचेचा ग्लास. खडू. पाच लिटर स्वच्छ डिझेल आणि नळी. १२ व्होल्टची पूर्ण चार्ज बॅटरी, जाड केबलसह. वही.

आदल्या दिवशी फोन करून सांगा: आम्ही येईपर्यंत मशीन चालू करू नका. पोचल्यावर सगळ्यात आधी सिलिंडरला हात लावा. कोमट लागला तर कुणीतरी सकाळीच धडपड करून गरम करून ठेवलंय. थंड असताना सुरू न होणारं इंजिन गरम असताना शहाण्यासारखं वागतं. अशा वेळी दुसऱ्या दिवशी परत या.

## ५. बंद मशीनची तपासणी

इथे घाई करू नका. तासभर तरी द्या. सुरू झालेल्या इंजिनाचा आवाज ऐकला की माणूस भाळतो आणि पुढचं काही बघत नाही.

सायलेन्सर. उभ्या सायलेन्सरवर डबा पालथा घातलेला आहे का ते पहिल्यांदा बघा. एवढ्याशा डब्यावरून मालकानं ट्रॅक्टर कसा ठेवला ते कळतं. डबा नसेल आणि ट्रॅक्टर उघड्यावर असेल, तर एक-दोन पावसाळ्यांचं पाणी सायलेन्सरमधून एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर, तिथून सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. रिंगा लायनरला गंजून चिकटतात आणि इंजिन जाम होतं.

इंजिन फिरतंय का. डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, खटका असेल तर तो उचला आणि हँडलनं किंवा पुलीवरून दोन पूर्ण फेरे फिरवा. नसेल तर सगळ्यात वरचा गिअर टाकून ट्रॅक्टर हळूहळू ढकला. पुली फिरली पाहिजे. मग खटका सोडून फिरवा. एका ठिकाणी दाब लागून हँडल मागे यायला बघेल, ते चांगलं लक्षण. दाब लागतच नाही किंवा "फुस्स" करून निघून जातो, तर व्हॉल्व्ह, रिंगा किंवा हेड पॅकिंग यांतलं काहीतरी गेलंय.

सावधान: हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मूठ वळवू नका. इंजिननं उलटा झटका दिला तर अंगठ्याचं हाड मोडतं. मुलाच्या हातात हँडल द्यायचंच नाही, दाब असो वा नसो.

जाम इंजिनाबद्दल. "टोचन करून ओढला की सुटेल" असं सांगणारे गावोगाव भेटतात. ओढल्यावर सुटतंही कधीकधी, पण रिंगांचे तुकडे होऊन लायनरवर ओरखडे पाडतात. पहिल्या प्रकल्पाला जाम इंजिन घेऊच नका. कितीही स्वस्त असो.

तेल. डिपस्टिक फडक्यावर पुसा. काळं चालेल, राखाडी-दुधाळ चालणार नाही. मग मालकाची परवानगी घेऊन खालचा ड्रेन नट पाहायचा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून रात्रभर उभ्या मशीनमध्ये ते तळाशी बसलेलं असतं. नट अर्धा-पाऊण फेरा सैल करा, पूर्ण काढू नका, आणि खाली काचेचा ग्लास धरा. आधी नटाच्या कडेला एक थेंब जमतो, फुगतो आणि सुटतो. तो काळाकुट्ट आणि चिकट असेल तर नट आवळा. पारदर्शक, पळता थेंब आला, त्यामागून गढूळ, मग काळा, तर आत पाणी आहे. हाच प्रयोग गिअरपेटीला करा. तिथलं तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर भाताच्या चिखलणीचं पाणी ऑईल सीलमधून आत गेलंय. सील स्वस्त असतात, पाण्यानं खाल्लेल्या बेअरिंगा स्वस्त नसतात. ग्लासातल्या तेलात चुंबक फिरवून बघा. बारीक काळी लव लागणं ठीक. नखाएवढी कपची लागली तर गिअरचा दात गेलाय.

पूर. शिरोळ, करवीर, हातकणंगले भागातलं मशीन असेल तर हा प्रश्न विचारायलाच हवा: २००५, २०१९, २०२१ यांपैकी कुठल्या पुरात होतं? उत्तरावर विसंबू नका. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो, बाहेरून धुतला तरी हेडलाइटच्या काचेआत, डॅशबोर्डमागे, डायनॅमोच्या भोकांत, सीटखालच्या पत्र्याच्या घडीत पांढुरका थर राहतो. तिथे टॉर्च मारा. पुरातलं मशीन घेता येतं, पण मग डायनॅमो, सेल्फ, सगळी वायरिंग आणि चाकांच्या बेअरिंगा नव्या, असाच हिशेब धरायचा.

एअर क्लीनर. ऑईल बाथवाला, म्हणजे वाटीतल्या तेलात धूळ पकडणारा, असेल तर खालची वाटी काढा. वाटी कोरडी आणि आत धूळ, म्हणजे इंजिननं वर्षानुवर्षं मातीच खाल्ली. लायनर-पिस्टनचा खर्च गृहीत धरा. एका मिनिटाचं काम, पण फार कमी लोक करतात.

कुठे वेल्डिंग झालंय. लहान ट्रॅक्टरला झेपणार नाही एवढी उसाची ट्रॉली लावलेली असली की त्याच्या खुणा मागे राहतात. हूकचं भोक लंबगोल झालेलं, क्लच हाउसिंगच्या बोल्टांभोवती तडे, मागच्या ॲक्सलच्या ट्रम्पेटवर, म्हणजे ॲक्सलभोवतीच्या नळकांड्यावर, वेल्डिंगचे मणी. बिडाच्या मुख्य हाउसिंगवर वेल्डिंग दिसलं तर सोडून द्या. मडगार्डला असेल तर चालतंय.

पुढचा ॲक्सल. जॅक लावा, खाली ओंडका घाला. चाक वर-खाली हलवा: प्ले असेल तर किंगपिन (चाक ज्या खिळीवर वळतं ती) किंवा चाकाची बेअरिंग. डावी-उजवीकडे हलवा: टाय रॉडचे (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड. हे सगळं बदलता येण्याजोगं आहे, फक्त वहीत लिहा.

टायर. २५ एचपीच्या बऱ्याच ट्रॅक्टरना मागे १२.४-२८ चा टायर असतो. बाजूवर साल फाटल्यासारख्या भेगा असतील तर नक्षी कितीही खोल असो, टायर गेला. व्हॉल्व्हभोवती रिम बघा. वजनासाठी टायरमध्ये पाणी भरलेलं असतं आणि रिम तिथूनच आतून कुजते. मागची टायरजोडी हा बहुतेक वेळा एकरकमी सगळ्यात मोठा खर्च, आणि लोक नेमका तोच विसरतात.

टिलर असेल तर जास्तीचं. रोटरीच्या चेन केसमधून तेल गळतंय का, दोन्ही स्टेअरिंग क्लच दाबल्यावर सुटतात आणि सोडल्यावर पकडतात का, हॉपरमधलं (इंजिन थंड ठेवणाऱ्या टाकीतलं) पाणी तेलकट आहे का. लायनरच्या रबरी रिंगा गेल्या की पाणी खाली तेलात उतरतं.

## ६. चालू करून

मशीनच्या टाकीतलं डिझेल वापरू नका, त्यात गंज आणि पाणी असतं. आपली नळी फिल्टरला जोडा, डिझेलच्या लाइनमधली एअर काढा, आपली बॅटरी लावा. मूल दहा पावलं मागे, कानात बोळे.

सुरू होताना पांढरा धूर येऊन मिनिटाभरात विरला तर ठीक. गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर नोझल, टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन. निळा म्हणजे तेल जळतंय. भार देताना क्षणभर काळा ठीक, सतत काळा म्हणजे नोझल किंवा गच्च भरलेला एअर क्लीनर.

दहा मिनिटांनी तेल भरायचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. थरथरलं तर चालेल. टुणकन उडालं आणि खालून धुराचा लोट आला तर रिंगा गेल्या. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीवर, आणि मूठ कानाशी धरून ऐका. बारीक टकटक वरून येत असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, ते घरी जुळवता येतं. खालून जड ठोका येत असेल तर बिग एंड, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणारी बेअरिंग. तिथे खर्च वाढतो.

मागच्या, अवजारं उचलणाऱ्या लिफ्टला शंभरेक किलो वजन लावून वर उचला, इंजिन बंद करा, खडूनं खूण करा आणि दहा मिनिटं थांबा. इंचभर उतरली तर चालेल. जमिनीला टेकली तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह.

सावधान: नोझल बाहेर काढून फवारा बघण्याचा उद्योग मुलासमोर नको, आणि फवाऱ्यापुढे कुणाचाच हात नको. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. बाहेरून टाचणीएवढं दिसतं, आतून हात जातो. नोझल तपासणी पंपवाल्याच्या टेस्टरवरच.

## ७. काय बनवून मिळतं, काय मिळत नाही

कोल्हापुरात असण्याचा खरा फायदा इथे आहे. शिवाजी उद्यमनगरात बुश, पिन, शाफ्ट लेथवर करून मिळतात, सिलिंडर बोअर होतो, क्रँक ग्राइंड होतो, व्हॉल्व्हची सीट बसवून मिळते. बिडाचं तुटलेलं ब्रॅकेट नमुना दिला तर ओतून मिळतं. म्हणून झिजलेल्या भागांना घाबरू नका.

घाबरायचं ते नसलेल्या भागांना. झिजलेला भाग स्वतःच स्वतःचं माप सांगतो. हरवलेल्या भागाचं माप कोण सांगणार? हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची पत्र्याची कव्हरं, डिझेल पंप, इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची जोडणी, बॉनेट, मूळ सीट, टूलबॉक्स, या गोष्टी जागेवर आहेत का ते एकेक करून वहीत खूण करा. कव्हरं काढून टाकलेला आयशर चालतो, पण वारा सिलिंडरवरच्या फिनांवरून न जाता बाहेर पळतो आणि इंजिन तापतं. आधीचा मालक "तशानं काही होत नाही" म्हणेल. लायनर वेगळं सांगेल.

## ८. भाव

वहीतल्या प्रत्येक दोषापुढे दुकानातली किंमत आणि मजुरी लिहा. बेरीज करा. त्यात तिसरा हिस्सा आणखी मिळवा, कारण उघडल्यावर काहीतरी निघतंच. खालची मर्यादा भंगाराची: मशीनचं वजन गुणिले त्या दिवसाचा बीड-लोखंडाचा भाव. त्याखाली मालक येणार नाही. वरची मर्यादा म्हणजे त्याच मॉडेलच्या चालत्या, कागद पूर्ण असलेल्या मशीनच्या भावातून तुमची बेरीज वजा. ही वजाबाकी भंगाराच्या भावाखाली गेली तर मशीन घेऊ नका.

सगळे पैसे खरेदीत घालू नका. जेवढ्याला घ्याल निदान तेवढेच दुरुस्तीला बाजूला हवेत. आणि भावाची घासाघीस चालू असताना मुलाला बरोबर नेऊ नका. "बाबा, हाच घ्या ना" हे वाक्य मालकाच्या कानावर पडलं की पाच हजार वाढले म्हणून समजा.

## ९. घरी आणताना आणि पहिला महिना

दिवाळीच्या सुट्टीच्या सुमाराला मशीन दारात येईल असं बघा, म्हणजे रंगकाम एप्रिल-मे मध्ये येतं. पावसाळी दमट हवेत रंगावर पांढरी झाक येते आणि तो नीट सुकत नाही. मशीन टेम्पोतून आणा, ओढून नको. ब्रेकची खात्री नसलेला दीड टन घाटात मागे लावणं वेडेपणा आहे.

पहिल्या महिन्याचा क्रम:

(१) मूल नसताना बॅटरी सोडा, टाकी रिकामी करा, टिलर असेल तर रोटरी काढा, चाकांना चारही बाजूंनी ओंडके लावा.

(२) सगळं धुवा. माती खरवडायला लाकडी पट्टी, चिकटा काढायला रॉकेल किंवा डिझेल. पेट्रोल अजिबात नको. मुलाला हातमोजे, बंद बूट, त्याच्या मापाचा चष्मा. लेकीचे केस घट्ट बांधलेले, ओढणी-स्कार्फ नाही.

(३) प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, काढल्यावर पिशवी, पिशवीवर आकडा, तोच आकडा वहीत. आकडे मुलानंच घालायचे. एकदा चुकला तर चुकू द्या, जोडताना स्वतःच शोधून काढेल.

(४) पूर्ण सुटं करू नका! मशीन चालू स्थितीत आलं असेल तर पहिल्या चार आठवड्यांत तेल, फिल्टर, एअर क्लीनर आणि टॅपेट एवढंच करून ते पुन्हा सुरू करा. सगळं एकदम उघडलं की सहा महिने काहीच हलत नाही आणि मुलाचा धीर सुटतो.

टॅपेटचं काम मुलासाठी मुद्दाम राखून ठेवा. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनवर सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. मॅन्युअलमधल्या मापाची फीलर गेजची पट्टी रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये सरकवा. तुम्ही चेक नट सैल करून स्क्रू फिरवायचा, पट्टी मुलानं मागे-पुढे ओढायची. आधी ती मोकळी सरकते. स्क्रू जरा आत गेला की वहीच्या दोन पानांमधून कागद ओढल्यासारखी अडते. "आता धरतंय" असं मुलानं म्हटलं की थांबा आणि नट आवळा. आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून पट्टी पुन्हा ओढून बघायला सांगा. या कामाला मोठ्यांच्या राठ बोटांपेक्षा लहान बोटं जास्त खरी.

(५) जुना रंग घासण्याचं काम मुलाला कधीही देऊ नका. जुन्या रंगात शिसं असतं असंच धरून चाला. कोरडा पॉलिश पेपर, वायर ब्रशची मशीन, दोन्ही घरात नकोत. बिडाचे जाड भाग शॉट ब्लास्टिंगला पाठवा, पण बेअरिंगा आणि सीलच्या जागा बंद करून. बॉनेट-मडगार्डचा पातळ पत्रा तिथे देऊ नका, वाकडा होऊन येतो.

(६) ब्रेक आणि क्लच उघडताना एअर मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. ही कामं आणि क्लचसाठी ट्रॅक्टर मधून फोडणं, म्हणजे इंजिन आणि गिअरपेटी वेगळी करणं, गॅरेजलाच द्या, मुलाला फोटो दाखवा.

तपासा: पहिल्यांदा चालवताना पीटीओ (अवजारांना शक्ती देणारा मागचा शाफ्ट) सुटलेला, शाफ्ट काढलेला, मडगार्डवर कुणी नाही. टिलर असेल तर सपाट जागेवरच. उताराला मशीन इंजिनाला ढकलत असतं, तेव्हा डावा क्लच दाबला की डावं चाक मोकळं होऊन पुढे पळतं आणि मशीन उजवीकडे वळतं. ज्याला हे माहीत नसतं तो बांधावरून खाली जातो.

मुलाला स्टेअरिंग धरू द्यायचं तर इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाकांना ओंडके. रस्त्यावर अल्पवयीनाच्या हाती वाहन सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. मशीन पहिल्यांदा सुरू करायच्या दिवशी सेल्फच्या बटणावर बोट मात्र मुलाचं असू द्या, गिअर न्यूट्रल आहे हे तुम्ही दोनदा बघितल्यावर.